पडताळा कोणी घ्यायचा?

शिक्षण मंत्रालयाच्या एनआयआरएफ या शैक्षणिक संस्थांच्या क्रमवारीत २०२५ साली, छापून आल्यावर मागे घेतलेल्या पेपरांपायी संस्थांचे गुण कापले गेले आणि तेव्हापासून आपल्याकडची संशोधनाच्या दर्जावरची सगळी चर्चा ‘रिट्रॅक्शन’भोवती घोटाळते आहे. एक बाजू म्हणते, पेपर विकत घेणाऱ्या प्राध्यापकांना घरी बसवा, पदव्या काढून घ्या, गुन्हे दाखल करा. दुसरी म्हणते, चार जणांपायी सगळ्यांना बदनाम करू नका, आणि हे मापदंड तरी ठरवले कोणी? दोन्हीकडे आवेश भरपूर, आणि दोघांचंही गृहीत एकच: संशोधनाला लागलेला रोग म्हणजे लबाडी. वाद उरतो तो दंडुका किती जोरात हाणायचा एवढाच. मला ही मांडणीच चुकीची वाटते. लबाडी आहे, ती शोधून काढलीच पाहिजे. पण प्रामाणिक माणसांनी लिहिलेल्या, छापून आलेल्या, कोणीही मागे न घेतलेल्या पेपरांतला मोठा हिस्सा दुसऱ्या लॅबमध्ये करून पाहिला तर जमत नाही, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. तो सोडवणं मंत्रालयाच्या हातात नाही आणि विद्यापीठाच्या चौकशी समितीच्याही नाही. ते शास्त्रज्ञांच्या स्वतःच्या संघटनांच्या हातात आहे: अकादम्या, विषयवार सोसायट्या, त्यांची नियतकालिकं, अधिवेशनं आणि फेलोशिप, म्हणजे मानाचं सदस्यत्व. या चर्चेत त्यांचं नाव कोणी घेत नाही, आणि त्यांनाही ते सोयीचंच आहे.

मोठा हिस्सा म्हणजे किती? २०१५मध्ये मानसशास्त्रातल्या १०० अभ्यासांची वेगवेगळ्या गटांनी केलेली फेरतपासणी प्रसिद्ध झाली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांत उतरला. त्याआधी २०१२मध्ये ॲम्जेन या औषध कंपनीच्या अनुभवावरून सांगितलं गेलं होतं की कर्करोगावरच्या ५३ गाजलेल्या पेपरांपैकी फक्त ६ पेपरांचा पडताळा आला. कंपनीला कोणाची अब्रू काढायची नव्हती, त्या पेपरांच्या भरवशावर औषध शोधायला पैसा घालायचा होता. २०२१मध्ये संपलेला कर्करोगाचाच एक प्रकल्प मला या सगळ्यांत जास्त बोलका वाटतो. ५३ पेपरांतले १९३ प्रयोग पुन्हा करायचे ठरले, प्रत्यक्षात २३ पेपरांतले ५० झाले. का? तर मूळ लेखकांना काहीही न विचारता करता यावा, इतकी पुरी कृती १९३पैकी एकाही प्रयोगाची पेपरात दिलेली नव्हती. विचारायला गेलं तर कित्येकांनी दाद दिली नाही. आणि जे प्रयोग झाले, त्यांत परिणाम मूळच्या मानाने कितीतरी क्षीण निघाला. मध्यक धरला तर ८५ टक्क्यांनी. हे सगळे लेखक चोर होते असं म्हणायला काडीचाही आधार नाही. थोडेसे नमुने, हवा तो आकडा दिसेपर्यंत करत राहिलेली विश्लेषणं, जमलेला प्रयोग पेपरात आणि न जमलेले कपाटात, एवढ्या रोजच्या सवयी पुरतात.

आपल्याकडच्या कुठल्याही जीवशास्त्राच्या लॅबमध्ये हे कसं घडतं ते पाहा. पीएचडीच्या पहिल्या वर्षातल्या मुलीच्या हातात गाईड एक पेपर ठेवतात: हे आधी आपल्याकडे जमवून घे, मग पुढचं बघू. अँटिबॉडी (एका ठरावीक प्रथिनाला चिकटणारा रेणू) बाहेरून मागवायची, ती येईपर्यंत दीड-दोन महिने, ग्रँटमधला मोठा तुकडा तिच्यातच जातो. वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे ते प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी, लावली तर पट्टी हवी तिथे नाही, नको तिथे तीन. मग अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून दुधाऐवजी बीएसए हे प्रथिन, मेम्ब्रेन रात्रभर चार अंशांवर, अँटिबॉडीचं प्रमाण कमी-जास्त, नवीन लॉट. काही नाही. गाईड म्हणतात, “अगं, तुझा हात बसला नाही अजून.” बऱ्याचदा ते खरंही असतं. पण त्याच वर्षी हैदराबादला एका मुलाचा आणि कोलकात्याला आणखी कोणाचा, त्याच पेपरावर हात बसत नसेल तर? तिघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. तिघंही वर्ष-दीड वर्ष घालवून निमूटपणे विषय बदलतात. प्रबंधात त्याची ओळसुद्धा येत नाही, कारण न जमलेल्याचा पेपर होत नाही आणि पेपर नाही तर बढतीचे गुण नाहीत. मूळ पेपर मात्र दिमाखात उभा राहतो आणि पुढच्या वर्षी चौथीच्या हातात पडतो. या तिघांना एका खोलीत कोण आणणार? विद्यापीठ त्यांचं वेगळं, अनुदान देणारं खातं वेगळं, नियतकालिक परदेशी. तिघांना जोडणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे त्यांचा विषय. आणि विषयाची म्हणून जी संस्था असते, तिलाच आपण सोसायटी म्हणतो.

याचा एक जुना दाखला आहे. १९०३ साली फ्रान्समध्ये नान्सीच्या रेने ब्लाँदलो यांनी ‘एन-किरण’ सापडल्याचं जाहीर केलं. क्ष-किरणांना जेमतेम आठ वर्षं झाली होती, त्यामुळे आणखी एक किरण कोणाला अशक्य वाटला नाही. अंधाऱ्या खोलीत क्षीण उजेड किंचित वाढल्यासारखा डोळ्यांना वाटला की किरण आले, एवढाच पुरावा. फ्रान्समधल्या अनेकांना ते दिसू लागले, इंग्लंड-जर्मनीतल्या नामवंतांना काही केल्या दिसेनात. त्यांना सांगितलं जाई की तुमच्या डोळ्यांना सवय नाही. हात बसला नाही, त्यातलाच प्रकार. १९०४च्या उन्हाळ्यात केंब्रिजला ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं, तिथे ही मंडळी एकमेकांशी बोलली आणि न दिसणारे आपण एकटेच नाही हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. तिथून अमेरिकेचा रॉबर्ट वुड नान्सीला गेला. प्रयोग चालू असताना अंधारात त्याने उपकरणातला लोलक काढून घेतला. प्रयोग करणारे पूर्वीसारखीच मापं सांगत राहिले. सप्टेंबरात ‘नेचर’मध्ये त्याचं पत्र आलं आणि फ्रान्सबाहेर एन-किरणांचा कारभार आटोपला. ही गोष्ट सांगताना सगळे वुडच्या हातचलाखीला दाद देतात. माझ्या मते निर्णायक गोष्ट केंब्रिजला घडली. प्रत्येकाने एकट्याने खाल्लेली हार तिथे सगळ्यांची मिळून माहिती झाली. अधिवेशन नसतं तर वुड नान्सीला गेलाही नसता.

हाच वुड २४ वर्षांनी आपल्या इतिहासात डोकावतो. २८ फेब्रुवारी १९२८ला कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये रामन यांना जे दिसलं (पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो), ते त्यांनी १६ मार्चला बंगळुरूमध्ये साउथ इंडियन सायन्स असोसिएशनसमोर मांडलं, आणि महिनाअखेरीला ते त्यांच्याच संस्थेच्या ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये आलं. प्रती देशोदेशी पाठवल्या. उपकरण असं की कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत जुळवता यावं. वुडने बाल्टिमोरला प्रयोग करून पाहिला आणि शोध सगळ्या तपशिलांसह खरा असल्याचं ‘नेचर’ला कळवलं. ज्या माणसाने एक किरण खोटा पाडला त्यानेच दुसरा खरा ठरवला. विज्ञान दिनाला आपण २८ फेब्रुवारी ही तारीख तेवढी लक्षात ठेवतो. पण त्या दिवसानंतरचे काही महिने, व्याख्यान, नियतकालिक, पाठवलेल्या प्रती आणि परक्या देशातला पडताळा, हे सगळं नसतं तर रामन परिणाम ही एका लॅबमधली नोंद राहिली असती. त्या काही महिन्यांतलं बहुतेक काम विज्ञानसंस्थांच्या खांद्यावर झालेलं आहे. पुढे १९३४मध्ये रामन यांनी बंगळुरूला इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस काढली आणि लगेच तिचं नियतकालिकही सुरू केलं, यामागे हा अनुभव नसेलच असं कसं म्हणावं?

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात जोरकस म्हणणं. या अकादम्या म्हणजे ज्येष्ठांचे क्लब. एकमेकांना शाली घालायच्या, एकमेकांच्या चुकांवर पांघरूण घालायचं. यांच्याकडून काटेकोरपणाची अपेक्षा? म्हणणं खोटं नाही, मी तर त्याला पुरावाच देतो. एन-किरणांचे निबंध छापत होती ती फ्रेंच विज्ञान अकादमीच, आणि १९०४मध्ये ५०,००० फ्रँकचा पुरस्कारही तिनेच ब्लाँदलोंना दिला. १९०१मध्ये जगदीशचंद्र बोस यांचा वनस्पतींच्या विद्युत प्रतिसादावरचा निबंध शरीरक्रियाशास्त्रातल्या दिग्गजांना पटला नाही म्हणून रॉयल सोसायटीने छापला नाही; तो पुढे लिनियन सोसायटीने छापला. आणि २०१५ साली मुंबई विद्यापीठात भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन भारतातल्या विमानांवर निबंध वाचला गेला, तेव्हा व्यासपीठ कोणाचं होतं? शास्त्रज्ञांच्या संघटनेचंच.

पण या तिन्ही घटनांत चूक कुठे झाली ते पाहिलं की चित्र बदलतं. तिन्हीकडे संस्थेने माणसाच्या वजनावरून निवाडा केला किंवा निवाडा करायचंच टाळलं. प्रयोग टेबलावर मागितला नाही. मागितला की काय होतं, हे त्याच बोस यांच्या बाबतीत दिसलं. त्यांच्या क्रेस्कोग्राफवर, म्हणजे वनस्पतींची अतिसूक्ष्म वाढ मोजणाऱ्या यंत्रावर, शंका घेतली गेली तेव्हा १९२०मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तज्ज्ञांसमोर ते यंत्र चालवून दाखवलं गेलं, आणि रॅले, बेलिस यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहून यंत्राची नोंद बरोबर असल्याचं जाहीर केलं. रॉयल सोसायटीचा जन्मच मुळी या रीतीतून झाला होता. १६६०मध्ये स्थापना, दोनच वर्षांत रॉबर्ट हूककडे सभेपुढे प्रयोग करून दाखवायचं काम, आणि कोणाच्याही शब्दावर विसंबू नका हे ब्रीद. हॉलंडमध्ये हायगेन्स या शास्त्रज्ञाला त्याच्या निर्वात पंपात असं काही दिसलं की जे सोसायटीच्या रॉबर्ट बॉइलच्या पंपात दिसत नव्हतं. पत्रापत्रीने वाद मिटेना, तेव्हा १६६३मध्ये हायगेन्स लंडनला गेला आणि तिथल्या पंपात तेच घडवून दाखवलं. तेव्हा अकादम्यांकडून नवं काही मागायचं नाही. ज्या कामासाठी त्या निघाल्या, ते करा इतकंच.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे. विज्ञान आपली चूक आपणच सुधारतं, जरा धीर धरा. धीर किती धरायचा? चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले जीवाश्मतज्ज्ञ विश्वजित गुप्ता दोन दशकांहून अधिक काळ हिमालयातल्या जीवाश्मांवर पेपरांमागून पेपर लिहीत होते. सहलेखक शेकड्याने. जागांची वर्णनं इतकी मोघम, की पुन्हा त्या ठिकाणी जाऊन खडक शोधणं मुश्किल. १९८९मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलंट यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की यातले कित्येक जीवाश्म हिमालयातले नाहीतच, काही तर न्यूयॉर्क राज्यातल्या एका ओढ्याकाठच्या प्रसिद्ध थरातले दिसतात. तोवर हिमालयाच्या भूशास्त्रीय इतिहासाची कित्येक पानं त्यांच्या आधारावर लिहून झाली होती. गुप्ता चौकशीत दोषी ठरले आणि निवृत्तीपर्यंत विद्यापीठातच राहिले. सुधारणा झाली म्हणायचं तर झाली. पण ती आपोआप झाली नाही, एका परदेशी माणसाने करियरची पर्वा न करता केली, आणि तीसुद्धा एका पिढीनंतर. जीवाश्माचा मूळ नमुना कुठल्या संग्रहालयात ठेवला आहे आणि तो नेमका कुठल्या जागी सापडला, हे लिहिल्याशिवाय आम्ही पेपर छापणार नाही, एवढा एक नियम त्या विषयातल्या सगळ्या नियतकालिकांनी मिळून पाळला असता तर हा डोलारा पहिल्या पाच वर्षांत कोसळला असता.

अर्थशास्त्रातलं उदाहरण आणखी बोलकं आहे, कारण तिथे संघटनेने खरोखरच हात घातला. २०१०मध्ये राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन नामवंतांचा निबंध ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’च्या वार्षिक अधिवेशनाच्या अंकात आला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की विकासदर सरासरी उणे ०.१ टक्क्यावर घसरतो, असं त्यात होतं. युरोपात काटकसर लादणाऱ्या नेत्यांनी तो आकडा मंत्रासारखा म्हटला. २०१३मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गातल्या गृहपाठासाठी एक गाजलेला निबंध पुन्हा करून पाहायचा होता. आकडे काही केल्या जुळेनात. त्याने लेखकांकडून एक्सेलची फाइल मागवली. सरासरीचं सूत्र ४९व्या ओळीपर्यंत जायला हवं होतं, ते ४४व्या ओळीवर थांबलं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क हे पाच देश बाहेर राहिले. न्यायाने सांगायचं तर ही गोष्टीतली सगळ्यात गाजलेली पण सगळ्यात छोटी चूक होती. काही वर्षांची आकडेवारी गाळणं आणि देशांना वजन देण्याची पद्धत यांचा परिणाम जास्त होता. सगळं धरून हर्नडन आणि त्याच्या शिक्षकांचा आकडा आला अधिक २.२ टक्के.

हे नियतकालिक अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनचं. या संघटनेने पुढे २०१८मध्ये लार्स व्हिलहुबर यांना डेटा संपादक नेमलं आणि २०१९पासून नियम केला: निबंध स्वीकारण्याआधी आमची माणसं तुमचा डेटा आणि कोड चालवून पाहतील, तक्त्यातले आकडे आले तर पुढे जाऊ. चालवणारी माणसं कोण? कॉर्नेल विद्यापीठातले पदवीचे विद्यार्थी, रीतसर शिकवून तयार केलेले. ‘पडताळ्याला पैसा कुठून आणायचा, आपल्या लॅबमध्ये तर डिस्टिल्ड वॉटरची बोंब’ या आपल्याकडच्या आक्षेपाला माझं निम्मं उत्तर इथे आहे. पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात, नांदेडमध्ये दरवर्षी संख्याशास्त्र, संगणकशास्त्र, अर्थशास्त्राची मुलं एम.ए., एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात प्रोजेक्ट करतात. बहुतेक प्रोजेक्ट मागच्या वर्षीच्या प्रोजेक्टवरून बेतलेले असतात, हे शिकवणारे आणि शिकणारे दोघंही जाणतात. एखाद्या भारतीय नियतकालिकातला पेपर घेऊन त्याचे आकडे पुन्हा काढून दाखव, हा प्रोजेक्ट त्याहून वाईट कसा? मुलगा त्यात जास्त शिकेल, आणि सोसायटीला फुकटात तपासनीस मिळेल.

उरलेलं निम्मं उत्तर देणं अवघड आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. आकडेमोड पुन्हा चालवणं स्वस्त, उंदरांवरचा प्रयोग पुन्हा करणं महाग, आणि मराठवाड्यातल्या दुष्काळी वर्षाचं सर्वेक्षण पुन्हा करणं अशक्य. सगळं पडताळून पाहा असं म्हणणारा माणूस संशोधनच बंद पाडेल. म्हणून निवड करावी लागते, आणि कुठल्या चार निष्कर्षांवर बाकीचा डोलारा उभा आहे ते त्या विषयातल्या लोकांनाच कळतं. मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला ते कसं कळावं? जिथे पुन्हा करणं शक्यच नाही, तिथे कच्च्या नोंदी आणि कृती पुरी मिळेल एवढं तरी पाहता येतं.

मग संघटनांकडे अधिकार कुठला, असं विचारलं जातं. त्या कोणाला नोकरीवरून काढू शकत नाहीत, अनुदान थांबवू शकत नाहीत. आपल्याकडे १९८६मध्ये स्थापन झालेली, संशोधनातल्या गैरप्रकारांची चौकशी करणारी सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज याचं उदाहरण म्हणून दाखवली जाते. तळमळीची माणसं, पण हातात काही नाही. अहवाल द्यायचा आणि तो कोणी वाचतो का ते पाहायचं. खरं आहे. पण तिच्याकडे नियतकालिकही नव्हतं आणि विषयही नव्हता. ज्यांच्याकडे ते असतं त्यांची ताकद २००४ साली दिसली. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी मिळून जाहीर केलं की औषधाची चाचणी सुरू करण्याआधी तिची जाहीर नोंद केली नसेल, काय मोजणार ते आधी सांगितलं नसेल, तर निकाल आम्ही छापणार नाही. त्यातलं ‘न्यू इंग्लंड जर्नल’ मॅसॅच्युसेट्स मेडिकल सोसायटीचं, ‘जामा’ अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं. कायदा नाही, पोलिस नाही, तरी जगभरच्या कंपन्या रांगेत उभ्या राहिल्या. आपली चाचण्यांची नोंदवही, सीटीआरआय, २००७मध्ये सुरू झाली आणि २००९मध्ये औषध नियंत्रकांनी ती सक्तीची केली. सरकार इथे मागून आलं. अशी आधी नोंद केल्याने फरक काय पडतो? अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय संस्थेच्या पैशावर झालेल्या मोठ्या चाचण्यांचा हिशेब २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. २०००च्या आधीच्या, म्हणजे तिथली नोंदवही सुरू होण्याआधीच्या, ३० चाचण्यांपैकी १७मध्ये उपचाराचा फायदा दिसला होता. नंतरच्या २५पैकी २मध्ये. औषधं एकाएकी निकामी झाली का? इतर कारणंही असतील, पण काय मोजणार ते आधी लिहून द्यावं लागलं की सोयीचा निकाल शोधत हिंडता येत नाही, हे त्यातलं मोठं कारण.

हीच ताकद न वापरली तर काय होतं? २०११मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांचा भविष्य आधी जाणवतं असं सांगणारा पेपर अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या मानाच्या नियतकालिकात आला. तिघा संशोधकांनी तो प्रयोग करून पाहिला, काही दिसलं नाही. नियतकालिकाने उत्तर दिलं, आम्ही नुसत्या पुनरावृत्त्या छापत नाही. दावा छापायला जागा आहे, पडताळ्याला नाही! त्याच विषयातल्या दुसऱ्या संघटनेने, असोसिएशन फॉर सायकॉलॉजिकल सायन्सने, पुढच्या काही वर्षांत उलटी वाट धरली. अनेक लॅबनी एकच कृती आधी ठरवून एकाच वेळी करायची आणि निकाल काहीही येवो, तो छापायचा, असा विभाग सुरू केला. विषय एकच, माणसंही बरीचशी तीच, फरक संघटनेच्या धोरणाचा.

संघटनांनी हे केलं नाही तर जागा रिकामी राहत नाही, ती सरकार भरतं. आपल्याकडे यूजीसीच्या २०१८च्या नियमांनी प्रामाणिकपणा टक्क्यांत मोजायला घेतला: दुसऱ्यांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत साधर्म्य माफ, ६०च्या वर नोंदणी रद्द. परिणाम सगळ्यांना माहीत आहे. वाक्यं फिरवून ‘सिमिलॅरिटी’ खाली आणून देणारी दुकानं विद्यापीठांच्या आसपास निघाली. घरी बसून रचलेला संपूर्ण खोटा डेटा प्लेजरिझमच्या रिपोर्टात शून्य टक्के येतो, कारण तो खरोखरच कोणाचा चोरलेला नसतो. नियतकालिकांच्या सरकारी यादीचंही तेच झालं. २०१८मध्येच ‘करंट सायन्स’मधल्या एका अभ्यासाने दाखवलं की विद्यापीठांनी शिफारस केलेल्या आणि तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्के निकृष्ट होती, मग निवडक नियतकालिकांची केअर यादी आली, आणि २०२५मध्ये यूजीसीने तीही बंद केल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत तर मे २०२५मध्ये अध्यक्षांनी ‘सुवर्णमान विज्ञाना’चा आदेशच काढला. त्यातले शब्द वाचले तर कोणीही मान डोलवेल: पडताळा, पारदर्शकता, अनिश्चिततेची कबुली. पण कुठलं विज्ञान या कसोटीला उतरत नाही ते ठरवणार राजकीय नेमणुकीची माणसं. तिथल्या शास्त्रज्ञांनी विरोध केला तो याच कारणाने, आणि तो रास्त आहे. मात्र गेल्या वीस वर्षांत आपलं घर आपण झाडलं असतं तर झाडू घेऊन आत शिरायला दुसऱ्याला निमित्त मिळालं नसतं, हेही त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

संघटना हे काम भांडण न करता कसं करू शकते, ते कोरियात दिसलं. जुलै २०२३मध्ये सोलमधल्या एका गटाने एलके-९९ हा पदार्थ खोलीच्या तापमानाला अतिसंवाहक, म्हणजे विजेला अजिबात विरोध न करणारा, असल्याचं जाहीर केलं. समाजमाध्यमांवर धुमाकूळ, शेअर बाजारात उसळी. देशाभिमानाचा प्रश्न झालेला असताना तिथल्या अतिसंवाहकता आणि अतिशीत विज्ञानाच्या सोसायटीने ऑगस्टच्या सुरुवातीलाच पडताळणी समिती नेमली, मूळ गटाकडे नमुना मागितला, कोरियातल्या प्रयोगशाळांकडून पदार्थ बनवून घेतला आणि डिसेंबरात श्वेतपत्रिका काढली: अतिसंवाहकतेचा पुरावा नाही. आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही तो पदार्थ बनवून पाहून पहिल्या काही दिवसांतच नकार नोंदवला होता, हे अभिमानाने सांगावं. कोरियन समितीने कोणाला लबाड म्हटलं नाही. पदार्थ बनवला, मोजला, लिहिलं.

एनआयआरएफच्या गुणकपातीत नेमकी हीच समज नाही. २०१८च्या नोबेल विजेत्या फ्रान्सिस अर्नल्ड यांनी २०२०च्या जानेवारीत स्वतःचा ‘सायन्स’मधला पेपर मागे घेतला, कारण त्यांच्याच लॅबमध्ये तो पुन्हा जमेना, आणि तसं जाहीरपणे सांगून माफी मागितली. आपल्या नियमाने त्यांच्या संस्थेचे गुण कापले जातील, आणि चूक दडपून बसणाऱ्या शेजारच्या संस्थेचे शाबूत राहतील. क्रमवारीच्या यंत्राला या दोघांतला फरक कळणार नाही. त्याच विषयात काम करणाऱ्या वीस माणसांना तो पाच मिनिटांत कळतो.

आपल्याकडे तीन राष्ट्रीय विज्ञान अकादम्या आहेत, बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजला. विषयवार सोसायट्या वेगळ्याच. नियतकालिकं बहुतेकांकडे आहेत, वार्षिक अधिवेशनंही होतात. त्यात उद्घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार आणि पोस्टर सेशन यांतून वेळ काढून अर्धा दिवस न जमलेल्या प्रयोगांना देता येईल, नावनिशी, पेपरचा क्रमांक सांगून. पण खरी किल्ली फेलोशिपमध्ये आहे, कारण भारतीय शास्त्रज्ञ सगळ्यात जास्त कशासाठी झुरतो तर नावापुढच्या त्या चार अक्षरांसाठी. नामांकनाच्या अर्जात निवडक पेपरांच्या यादीपुढे दोन रकाने वाढवा: या कामाचा बाहेरच्या कोणत्या लॅबला पडताळा आला, आणि कच्चा डेटा आज कुठे पाहायला मिळेल. पहिल्या वर्षी बरेच रकाने रिकामे येतील आणि काही ज्येष्ठ मंडळी रागावतील. रागावू देत. रिकामा रकाना म्हणजे अपात्रता असं कोणी म्हणत नाही. निवड समितीने तो पाहून एक प्रश्न विचारावा इतकंच. यासाठी संसदेचा कायदा नको, अनुदान नको. परिषदेच्या एका बैठकीतला ठराव पुरे.